पत्रांचा पूर आणि सहा गठ्ठे

आमच्या मोहन्यास रेयॉनचा कारखाना चालू होता, तोंपर्यंत गांवाला घड्याळाची फारशी गरज नव्हती. नॅशनल रेयॉनचा भोंगा वाजला कीं पाळी बदलली, हें घरोघरीं कळत असे. भोंगा ऐकून बायका भात चढवीत आणि आम्ही मास्तर मंडळी वह्या आवरावयास घेत असूं. तो कारखाना २००९ सालीं बंद पडला. त्याबरोबर किती घरांचे काय हाल झाले, हा विषय निराळा आणि मोठा आहे. त्यांत आज शिरत नाहीं. पण त्या भोंग्याची आठवण मला हल्लीं रोज रात्रीं साडेआठच्या सुमारास होते. त्या वेळीं आमची सून आंबिवली स्टेशनावरून घरीं येते, हातपाय धुऊन पानावर बसते आणि डावा हात मोबाइलवर ठेवून उजव्या हातानें जेवते. तिच्या कामास भोंगा नाहीं.

सूनबाई मुंबईस आरोग्यविम्याच्या एका कचेरींत आहे. रुग्णालयांचीं बिलें, डॉक्टरांचे दाखले आणि दावेदारांचे कागद तपासून ते पुढें मंजुरीस पाठविणें हें तिचें काम. पूर्वीं अशीं कामें कागदावर चालत; आतां सर्व कांहीं ईमेलनें चालतें. (या वस्तूस ‘विद्युत्पत्र’ म्हणावें असें कोणी सुचवितात. मीं जन्मभर संस्कृत शिकविलें, तरी तो शब्द माझ्या तोंडीं बसत नाहीं. जो शब्द वाण्याला, पोस्टमनला आणि माझ्या नातवाला सारखाच कळतो, तो मराठीच झाला असें मी समजतों.)

गेल्या ज्येष्ठांत एके रात्रीं ती जेवण अर्धें टाकून उठली आणि खिडकीशीं जाऊन उभी राहिली. हिनें विचारलें तर कांहीं बोलेना. पुष्कळ वेळानें कळलें तें असें. कोंकणांतल्या एका वृद्ध बाईंचे यजमान रुग्णालयांत वारले होते. दाव्यास एक कागद कमी होता. तो अमुक मुदतींत पाठवावा असें कचेरीनें त्यांना कळविलें होतें. बाईंनीं शेजारच्या मुलाकडून तो ईमेलनें पाठविला, आणि मुदतीच्या आंत पाठविला. तो सूनबाईच्या पेटींत येऊन पडला; त्याच दिवशीं त्याच्यावर दुसरीं दोनशें पत्रें येऊन पडलीं. मुदत टळली तसा यंत्रानें आपणहून दावा बंद केला व तसें पत्र बाईंना धाडलें. छत्तिसाव्या दिवशीं बाईंचें दुसरें पत्र आलें. त्यांत रागाचा एक शब्द नव्हता. माझा कागद पोंचला नसावा, म्हणून पुनः पाठवीत आहें, एवढाच मजकूर.

“अण्णा,” ती मला म्हणाली, “मीं काम चुकविलें नाहीं हो. मीं तें पत्र पाहिलेंच नाहीं.”

मीं तिला तिची पेटी दाखवावयास सांगितली. न वाचलेल्या पत्रांचा आंकडा ११,६४० होता. चाळीस वर्षें मुलांच्या वह्या तपासून मला गठ्ठ्यांची संवय आहे. तरी तो आंकडा पाहून मी चष्मा पुसून पुनः पाहिला.

हा पूर येतो कोठून, याचा मीं थोडा विचार केला. १९७१ सालीं अमेरिकेंत रे टॉमलिन्सन या अभियंत्यानें एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर पत्र धाडण्याची युक्ति काढली, आणि माणसाचें नांव व यंत्राचें नांव यांच्यामध्यें घालावयास व्यापाऱ्यांच्या हिशेबांतलें ‘दरानें’ या अर्थाचें चिन्ह निवडलें. त्यानंतर सातच वर्षांनीं, १९७८ सालीं, गॅरी थ्यूर्क नांवाच्या एका संगणक-विक्रेत्यानें एकच जाहिरात सुमारें ४०० जणांना एकदम पाठविली. म्हणजे सोय जन्मास आली आणि मुंज होण्यापूर्वींच बिघडली! आपल्याकडे विदेश संचार निगमनें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं इंटरनेट सर्वसामान्यांस खुलें केलें. १ एप्रिल २००४ रोजीं गूगलनें जीमेल काढला, एक गिगाबाइट जागा फुकट देऊं केली आणि पत्रें पुसून टाकण्याची आतां गरज नाहीं असें लोकांस सांगितलें. लोकांनीं तें ऐकलें, आणि माझ्या मतें दुखण्याचें मूळ येथेंच आहे. ज्या घरांत कधींच रद्दी विकली जात नाहीं, त्या घरांत लग्नपत्रिका आणि दस्तऐवज एकाच फडताळांत सांपडावयाचे.

दुसरें मूळ त्या ‘सीसी’ नामक अक्षरांत आहे. सूनबाईला मीं विचारलें, हें काय? तिला त्याचा अर्थ ठाऊक होता, पण वस्तु ठाऊक नव्हती. मला वस्तु चांगली ठाऊक आहे. शाळेच्या टंकलेखन यंत्रावर आम्ही दोन कागदांमध्यें काळा कार्बन घालीत असूं. पहिली प्रत स्वच्छ, दुसरी बरी, तिसरी अंधुक आणि पांचवी तर देवालाही लागत नसे. त्यामुळें प्रत कोणाला द्यावयाची, याचा विचार हेडमास्तरांस करावाच लागे. कार्बनच्या त्या दुबळेपणांत एक मोठा न्याय होता. आतां पन्नासावी प्रतही पहिलीइतकीच स्वच्छ निघते आणि तिला खर्च कांहीं नाहीं. मग ज्याला स्वतःवर जबाबदारी नको, तो पन्नास जणांना प्रत लावतो आणि “मीं सर्वांस कळविलें होतें” असें म्हणावयास मोकळा होतो. पत्र लिहिणाऱ्याची चार पळें वांचतात. वाचणाऱ्या पन्नास जणांचीं प्रत्येकीं चार पळें जातात. हा हिशेब चौथीच्या मुलासही मांडतां येईल, पण कचेऱ्यांतून तो कोणी मांडीत नाहीं.

आपल्या लोकांस कागदांचा ढीग नवा आहे असें मात्र कोणीं समजूं नये. पेशव्यांचें दप्तर हें त्याचें मोठें उदाहरण आहे. राज्यभरांतून येणारीं पत्रें, ताळेबंद, यादी, हुकूम, सर्व कांहीं कापडी रुमालांत बांधून ठेवलेलें. असे हजारों रुमाल पुण्यास आहेत आणि त्यांतल्या मोडी कागदांची संख्या कोटींच्या घरांत जाते. १८१८ सालीं राज्य गेल्यावर इंग्रजांनीं तें दप्तर ताब्यांत घेतलें, तें मुख्यत्वें इनामें कोणाचीं खरीं व कोणाचीं खोटीं हें ठरविण्यासाठीं. पुढें शंभराहून अधिक वर्षांनीं रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांजकडे त्यांतून निवड करण्याचें काम आलें, आणि १९३० ते १९३४ या काळांत निवडक कागदांचे ४५ खंड बाहेर पडले. बडोद्याची नोकरी संपवून निवृत्त झालेला मनुष्य कोट्यवधि कागदांसमोर बसतो आणि त्यांतून काय ठेवावें व काय बाजूस सारावें हें ठरवितो; या चित्राचा मी पुष्कळदां विचार करतों. त्यांनीं सर्व कागद वाचले असतील काय? तें शक्यच नव्हतें. रुमालावरच्या चिठ्ठीवरून आंत काय असावें हें ताडणें, आणि कोणता रुमाल सोडावयाचाच नाहीं हें ठरविणें, हीच त्यांतली विद्या.

शिवछत्रपतींचे चिटणीस बाळाजी आवजी यांची आख्यायिका बहुतेकांस ठाऊक आहे. दिवसभराच्या कामांत महाराजांनीं सांगितलेलें एक पत्र लिहावयाचें राहून गेलें. रात्रीं महाराजांनीं पत्र वाचावयास सांगितलें तेव्हां बाळाजींनीं कोरा कागद हातीं धरून जसेंच्या तसें पत्र वाचून दाखविलें; मशालजीला हंसूं आलें आणि खरा प्रकार बाहेर पडला. महाराज रागावले नाहींत, उलट त्यांनीं बुद्धीची तारीफ केली, असें सांगतात. लहानपणीं ही गोष्ट मीं चातुर्याची म्हणून ऐकली व पुढें मुलांस तशीच सांगितली. आतां या वयांत ती ऐकली म्हणजे मनांत येतें कीं, इतक्या हुशार आणि निष्ठावंत चिटणिसाच्या हातूनही पत्र राहून गेलें तें राहूनच गेलें. सूनबाईला मीं तेवढें सांगितलें. ती थोडी हंसली.

पण हंसून काम भागत नव्हतें. मला आठवण झाली ती माझ्या वडिलांची. ते कल्याणच्या मामलेदार कचेरींत कारकून होते. त्यांच्या टेबलाशेजारच्या घडवंचीवर कापडांत बांधलेले गठ्ठे ओळीनें असत, आणि त्यांना कोणीही हात लावलेला खपत नसे. महसुली कचेऱ्यांत ही ‘सहा गठ्ठे पद्धत’ फार दिवसांपासून प्रसिद्ध आहे. १९८० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत अहमदनगरचे (आतां अहिल्यानगर) जिल्हाधिकारी अनिलकुमार लखीना यांनीं आपल्या सबंध कचेरीची झाडाझडती घेऊन जुने अभिलेख लावले आणि कामाला शिस्त आणली. ती ‘लखीना पद्धत’ म्हणून राज्यभर गाजली. असल्या सुधारणांचा पाया जुनाच आहे: प्रत्येक कागदाला त्याची जागा, आणि जागा ठरल्याखेरीज कागद खालीं ठेवावयाचा नाहीं.

ते सहा गठ्ठे असे. पहिल्यांत ज्या प्रकरणांवर मला स्वतःला कांहीं करावयाचें आहे तीं. दुसऱ्यांत प्रतीक्षाधीन, म्हणजे मीं लिहून झालें आहे व दुसऱ्याच्या उत्तराची वाट आहे तीं. तिसऱ्यांत नियतकालिकें, हें नांव ऐकून वाचकांनीं प्रस्तुत मासिक डोळ्यांपुढें आणूं नये, ठराविक तारखेस वरिष्ठांकडे जावयाचीं पत्रकें असा त्याचा अर्थ. चौथ्यांत स्थायी आदेश, जे वारंवार पाहावे लागतात. पांचव्यांत निकालीं निघालेलीं व अभिलेख कक्षांत धाडावयाचीं प्रकरणें. सहाव्यांत ‘ड’ वर्गाचे कागद, जे नष्ट करावयाचे. या ‘ड’ चाही एक क्रम आहे. ‘अ’ वर्गाचा कागद कायम ठेवावयाचा, ‘ब’ तीस वर्षें, ‘क’ त्याहून थोडीं वर्षें आणि ‘ड’ केवळ एक वर्ष. कागदालाही आयुर्मर्यादा असते, हें आमच्या जुन्या कारकुनांस पक्कें ठाऊक होतें.

आणि या सर्वांच्या आधीं बारनिशी. दारांतून आलेल्या प्रत्येक पत्राला क्रमांक पडे, तारीख पडे, कोणाकडे दिलें तें लिहिलें जाई. आठवड्याच्या शेवटीं गोषवारा निघे: आलीं किती, निकालीं किती, शिल्लक किती, आणि शिलकींतलें सर्वांत जुनें किती दिवसांचें. बारनिशींत जो आधीं आला त्याचा क्रमांक आधीं. ईमेलच्या पेटींत नेमकें उलटें आहे. जें पत्र शेवटीं आलें तें सर्वांत वर बसतें, आणि जो बिचारा आधीं येऊन थांबला आहे तो प्रत्येक नव्या पत्रागणिक एकेक पायरी खालीं जातो. कोंकणांतल्या त्या बाई रांगेंत पहिल्या होत्या. रांगच उलटी असल्यामुळें त्या शेवटच्या झाल्या. ज्यानें ही पेटी बनविली तो कधीं रेशनच्या दुकानावर उभा राहिला नसावा.

पुढच्या रविवारीं आम्ही तिघे बसलों; सूनबाई, चिरंजीव आणि मी. यंत्र चालविण्याचें काम त्या दोघांचें, आणि मी केवळ विचारावयाचें: हा कागद कोणत्या गठ्ठ्यांतला? सकाळीं पूजा आटोपून जे बसलों ते दिवेलागणीस उठलों. मध्यें हिनें दोनदां चहा दिला आणि एकदां स्पष्टपणें विचारलें कीं, रविवारीं कचेरीचें काम घरीं करणें हा कसला रोगावरचा उपाय? तिचें म्हणणें खोटें नव्हतें.

मोजणी झाली ती येणेंप्रमाणें. यंत्रांनीं आपोआप धाडलेल्या सूचना आणि जाहिराती ६,९००. केवळ प्रतीदाखल आलेलीं, जिच्यांत सूनबाईनें कांहींएक करावयाचें नव्हतें अशीं, ३,१००. पूर्वींच निकालीं निघालेल्या प्रकरणांचीं १,२५०. उरलीं ३९०. म्हणजे ज्या डोंगराच्या धाकानें ती सहा महिने नीट झोंपली नव्हती, त्यांत तिचें काम शंभरांत साडेतीन वांट्यांहूनही कमी होतें! सरदेसायांचें मला पुनः स्मरण झालें.

पहिल्या दोन प्रकारांसाठीं चिरंजीवांनीं यंत्रास कायमचे नियम घालून दिले. अमुक ठिकाणाहून आलेलें पत्र आपोआप अमुक कप्प्यांत जावें. ज्यावर तिचें नांव केवळ प्रतीच्या ओळींत आहे तें वेगळ्या कप्प्यांत जावें, व तें दिवसांतून एकदां चाळावें. आम्ही पुसून टाकलें मात्र कांहीं नाहीं. मामलेदार कचेरींतही ‘ड’ गठ्ठा कारकुनानें आपल्या मतानें जाळावयाचा नसे. त्याला साहेबांचा हुकूम लागे. कचेरीचीं पत्रें ही कचेरीची मालमत्ता आहे, सुनेची नव्हे.

त्या ३९० पत्रांत नऊ पत्रें अशीं निघालीं कीं ज्यांच्या मागें एकेक माणूस वाट पाहात बसला होता. त्यांतलें एक कोंकणांतल्या बाईंचें. सूनबाईनें सोमवारीं वरिष्ठांस लेखी कळविलें कीं, हे नऊ कागद मुदतींत आले होते आणि चूक आपल्याकडून झाली आहे. असें लिहावें कीं न लिहावें, यावर रविवारीं रात्रीं घरांत बरीच चर्चा झाली. चिरंजीवांचें म्हणणें, एवढ्या स्पष्टपणें कबुली देऊं नये. नोकरीचा प्रश्न आहे. मी कांहीं बोललों नाहीं. निर्णय तिचा होता आणि तिनें तो केला. सात दावे पुनः उघडले, त्यांत बाईंचाही होता, आणि तीन आठवड्यांनीं त्यांची रक्कम मंजूर झाली. उरलेल्या दोघांचें कांहीं करतां आलें नाहीं. त्यांची बाब नियमांत बसेना. त्या दोघांचीं नांवें सूनबाईनें एका चिटोऱ्यावर लिहून आपल्या डब्याच्या पिशवींत ठेवलीं आहेत. मीं तीं काढून टाकावयास सांगितलें नाहीं.

येथवर गठ्ठ्यांची गोष्ट झाली. पण रोज येणाऱ्या पत्रांस वेळ कोणता द्यावयाचा, हा प्रश्न उरतोच. सूनबाईचा मोबाइल दर पांच मिनिटांनीं वाजे आणि ती दर वेळीं बघे. याविषयीं कौटिल्यानें जी व्यवस्था सांगितली आहे ती मला फार शहाणपणाची वाटते. ‘अर्थशास्त्रा’ची पोथी १९०५ च्या सुमारास म्हैसूरच्या शामशास्त्र्यांच्या हातीं आली आणि १९०९ सालीं ती छापून निघाली, तोंवर विद्वानांस तिचें केवळ नांव ठाऊक होतें. त्यांत राजाच्या दिवसाचे आठ भाग केले आहेत. हिशेब व संरक्षण, प्रजेचीं गाऱ्हाणीं, स्नान-भोजन व स्वाध्याय असे एकेक भाग झाल्यावर पांचव्या भागांत त्यानें मंत्र्यांशीं पत्रद्वारा विचारविनिमय करावा आणि हेरांच्या बातम्या समजून घ्याव्या. आजच्या घड्याळानें हा भाग साधारण दुपारीं बारा ते दीड. ज्याच्या राज्याचा डोलारा पत्रांवर चालला आहे, त्या राजालाही पत्रांसाठीं दिवसांतून दीडच तास! अपवाद एकच: तातडीचें काम मात्र तत्काळ ऐकावें, तें पुढें ढकलूं नये, ढकललेलें काम अवघड होतें किंवा अशक्य होतें.

हेंच अलीकडे कॅनडांतल्या दोघां संशोधकांनीं प्रयोग करून पाहिलें आहे. कोस्टादिन कुश्लेव्ह आणि एलिझाबेथ डन यांनीं १२४ माणसांस एक आठवडा दिवसांतून तीनदांच ईमेल पाहावयास सांगितलें आणि दुसरा आठवडा वाटेल तितक्यांदां. ज्या आठवड्यांत तीनदांच पाहिलें, त्या आठवड्यांत माणसांच्या मनावरचा ताण कमी आढळला. हा निबंध २०१५ सालचा आहे. कौटिल्यास आधार म्हणून तो सांगतों असें नव्हे. पण आमच्या घरांतल्या तरुण मंडळींस कौटिल्यापेक्षां कॅनडा अधिक पटतो, हें मीं ताडलें आहे.

सूनबाईनें दहा, एक आणि साडेचार अशा तीन वेळा ठरविल्या. तातडीच्या कामासाठीं फोन करावा, असें सोबत्यांस सांगून ठेवलें. पहिल्या आठवड्यांत तिला सारखी धास्ती वाटे. दुसऱ्या आठवड्यांत तिच्या ध्यानांत आलें कीं, सकाळीं तिला विचारलेल्या बऱ्याच शंका दुपारपर्यंत विचारणाऱ्यांनीं स्वतःच सोडविलेल्या असतात. हें वर्गांतही होत असे. मास्तरांनीं मान वर केली नाहीं म्हणजे मुलगा निमूटपणें उदाहरण पुनः करून पाहतो.

तिच्या स्वतःच्या पत्रांतही थोडा बदल करावा लागला. जो फार लिहितो त्याला फार येतें. समर्थांनीं दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा प्रारंभच लेखनक्रियेनें केला आहे, आणि कौटिल्यानें लेखाचे अर्थक्रम, संबंध, परिपूर्णता, माधुर्य, औदार्य व स्पष्टता असे सहा गुण मोजले आहेत. यांतला परिपूर्णता हा गुण आमच्या उपयोगीं पडला. सूनबाई दावेदारास लिहीत असे, “कागद अपुरे आहेत.” त्यावर तो विचारी, कोणते? मग ती कळवी. मग तो विचारी, झेरॉक्स चालेल काय? एका कागदासाठीं सहा पत्रें! आतां ती पहिल्याच पत्रांत लिहिते कीं, अमुक कागद, त्याची साधी प्रत चालेल, अमुक तारखेच्या आंत, आणि न मिळाल्यास अमुक करावें. शिवाय वर ‘विषय’ लिहितांना दाव्याचा क्रमांक घालते. जुन्या सरकारी पत्रावर ‘विषय’ आणि ‘संदर्भ’ या दोन ओळी असत. त्यांची थट्टा मींही केली आहे, ती आतां मागें घेतों. गौरी-गणपति येईपर्यंत तिचें रोजचें दोनशें पत्रांचें टपाल सव्वाशेंच्या आसपास आलें.

इतकें लिहून मी थांबलों तर वाचकांचा असा समज होईल कीं, सहा गठ्ठे बांधले म्हणजे सर्व दुःख निवारलें. तसें नाहीं, आणि तसें मीं लिहिणें हा लबाडपणा होईल. तिच्या टेबलावर पूर्वीं तिघांचें जें काम होतें, तें आतां ती एकटी करते. कोणतीही पद्धत तीन माणसांचें काम एका माणसाचें करूं शकत नाहीं. फार तर कोणतें काम राहिलें आहे तें प्रामाणिकपणें दाखविते. सरकारी नोकरांसाठीं आपल्या राज्यानें २००५ सालीं कायदा केला, त्यांत कोणतीही फाइल एका कर्मचाऱ्यापाशीं कामाच्या सात दिवसांहून अधिक पडून राहूं नये असें कलम आहे. कायदा चांगला आहे. पण सात दिवसांत किती फायली एका माणसापुढें याव्यात, याचें कलम मला त्यांत आढळलें नाहीं.

आणि रात्रींचें काय? जर्मनींतल्या फोक्सवॅगन कंपनीनें २०११ सालीं आपल्या कांहीं कामगारांसाठीं असें केलें कीं, पाळी संपल्यावर अर्ध्या तासानें त्यांच्या फोनवर कचेरीचीं पत्रें जाणेंच बंद व्हावें. तेथल्याच डाइमलर कंपनीनें २०१४ सालीं रजेवरच्या माणसास आलेलें पत्र आपोआप पुसलें जावें, आणि पाठविणाऱ्यास दुसऱ्या कोणाचा पत्ता कळवावा, अशी सोय केली. फ्रान्सांत तर १ जानेवारी २०१७ पासून कायदाच आहे. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनीं २०१८ सालीं लोकसभेंत असें एक खासगी विधेयक मांडलें, आणि २०२५ च्या डिसेंबरांत पुनः मांडलें. खासगी विधेयकें कायद्यापर्यंत क्वचितच पोंचतात. तरी मोहन्याचा भोंगा ज्यानें ऐकला आहे, त्याला ही मागणी चमत्कारिक वाटावयाची नाहीं. कारखान्याच्या मजुराला जें मिळत होतें, तें पदवीधर मुलीला का मिळूं नये? आमच्या समाजांत शिकलेल्या माणसाची एक समजूत आहे कीं, वेळेचा हिशेब मजुरानें करावा, आपण करूं नये. तो आपल्या प्रतिष्ठेस शोभत नाहीं. मींही शाळेच्या वह्या रात्रीं अकरापर्यंत तपासल्या आणि त्याचा अभिमान बाळगला. हिच्याशीं बोललों असतों ते किती तास त्या वह्यांत गेले, हें मीं कधीं मोजलें नाहीं. तिनें मोजले असावेत, असें परवांच्या एका बोलण्यावरून दिसलें.

नवरात्रांत एके दिवशीं वरिष्ठांनीं सूनबाईस विचारलें कीं, रात्रीं दहाला पाठविलेल्या पत्राचें उत्तर सकाळीं दहाला कां आलें? तिनें तोंडीं उत्तर दिलें नाहीं. घरीं येऊन तिनें एक पत्र लिहिलें आणि पाठविण्यापूर्वीं मला वाचावयास दिलें. विषय, संदर्भ, आणि मग तीनच मागण्या: प्रत कोणास लावावी याचा कचेरीनें नियम करावा; दावा बंद करण्यापूर्वीं यंत्रानें पेटींतला कागद पाहावा; आणि रात्रीं आठनंतरच्या पत्राची गणना दुसऱ्या दिवशींच्या टपालांत व्हावी. मीं केवळ एक अनुस्वार दुरुस्त केला.

हें पत्र जाऊन आज तेवीस दिवस झाले. तें तिच्या दुसऱ्या गठ्ठ्यांत आहे.